बॅक्स्टरला बिचारा म्हणू नका

१ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू यॉर्क शहराची लोकसंख्या ८०,४२,७८३ होती. माणशी सरासरी उंची पाच फूट साडेसहा इंच धरली आणि ही सगळी माणसं डोक्याला पाय लावून आडवी झोपवली, तर टाइम्स स्क्वेअरपासून निघालेली रांग थेट कराचीच्या वेशीला टेकेल. दिग्दर्शक बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०) हा सिनेमा सुरू होतो तो असा. हे सांगणारा सी. सी. बॅक्स्टर विमा कंपनीत कारकून आहे, त्यामुळे असले आकडे त्याच्या जिभेवर असतात. मी एकदा खरंच कॅल्क्युलेटर घेऊन बसले. रांग भरते १३,५८५ किलोमीटर. न्यू यॉर्क ते मुंबई हवाई अंतर साडेबारा हजारांच्या आसपास. म्हणजे कराची मागे टाकून रांग मुंबईत शिरते आणि तरी माणसं उरतातच. हिशेबाच्या खात्यात बसणाऱ्या माणसाचा पहिलाच हिशेब चुकावा, याची मला भारी गंमत वाटते. वाइल्डरनं ते मुद्दाम केलं असेल असं नाही. पण पुढचे दोन तास या माणसाचे हिशेब असेच चुकत जातात.

आकडे अजून आहेत. कन्सॉलिडेटेड लाइफच्या मुख्य कचेरीत ३१,२५९ माणसं. बॅक्स्टर एकोणिसाव्या मजल्यावर, प्रीमियमचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात, सेक्शन ‘डब्ल्यू’, टेबल क्रमांक ८६१. आठवड्याला हातात पडतात ९४ डॉलर ७० सेंट. कामाची वेळ सकाळी ८:५० ते संध्याकाळी ५:२०. प्रत्येक मजला वेगळ्या वेळी सुटतो, कारण एवढी माणसं एकदम निघाली तर सोळा लिफ्टनाही पेलायची नाहीत. घर सेंट्रल पार्कपासून अर्ध्या ब्लॉकवर, भाडं महिना ८५ डॉलर. घर तसं छान आहे, एकट्या जिवाला पुरेसं. अडचण एकच, स्वतःच्याच घरी त्याला हव्या त्या वेळी जाता येत नाही.

कारण कंपनीतल्या चार साहेबांना संध्याकाळी तासा-दोन तासांसाठी ते लागतं. चौघेही संसारी. बायका घरी, मैत्रिणी ऑफिसात, आणि दोन्हींच्या मधे बॅक्स्टरचं घर. चावी या खिशातून त्या खिशात फिरते. बदल्यात साहेब लोक त्याच्याबद्दल वर चांगला शेरा पाठवतात. आपल्याकडे सरकारी-निमसरकारी कचेऱ्यांत ज्यांनी वर्षं काढली त्यांना ‘सी.आर.’, म्हणजे साहेबानं लिहिलेला गोपनीय अहवाल, ‘चांगला जाणं’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. त्या एका कागदापायी साहेबांच्या मुलाचा परीक्षेचा फॉर्म भरून येणारी, रिझर्व्हेशनच्या रांगेत पहाटे उभी राहणारी, साहेबांच्या सासूबाईंना दादर स्टेशनवरून उतरवून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकालाही कुणी तसं स्पष्ट सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागतच नाही, तीच त्यातली मेख.

या सिनेमाबद्दल बोलताना लोक बॅक्स्टरला ‘बिचारा’ म्हणतात. जॅक लेमननं तो केलाही असा, की तोंडातून तो शब्द निघावाच. अर्ध्या रात्री झोपेतून उठून घर मोकळं करून देणारा, थंडीत पार्कातल्या बाकड्यावर कुडकुडत बसणारा, दुसऱ्या दिवशी शिंकत शिंकत कामावर येणारा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही तो तसाच वाटला होता. तेव्हा माझं टेबलही बॅक्स्टरच्या टेबलासारखं, रांगेतलं एक. पुढे मला केबिन मिळाली, लोकांचे अहवाल लिहायची पाळी माझ्यावर आली, आणि सिनेमा तोच असून माझी नजर भलतीकडे जायला लागली. बॅक्स्टर मुळीच बिचारा नाही. तो या धंद्यातला भागीदार आहे.

तापानं फणफणलेल्या बॅक्स्टरचा तो टेलिफोनचा प्रसंग बघा. त्याला एक रात्र स्वतःच्या अंथरुणात झोपायचंय. त्यासाठी एका साहेबाची संध्याकाळ पुढे ढकलायची, तर दुसऱ्याची मागे घ्यावी लागते, दुसऱ्याची हलवली की तिसऱ्याची अडते. नाकाला रुमाल, पुढ्यात डायरी, आणि हा गडी एकामागून एक फोन फिरवत सगळ्यांचं जमवून देतो. मी या प्रसंगाला दर वेळी पोट धरून हसते. आणि दर वेळी हेही जाणवतं, की हा माणूस या कामात तरबेज आहे. उत्तम कारकुनाला लागणारे सगळे गुण, चिकाटी, नोंदी, गोडीगुलाबी, तो इथे कामाला लावतोय. नुसता दबलेला माणूस इतकं नीटनेटकं काम करत नाही. त्याला हवंय काहीतरी. त्याला सत्ताविसाव्या मजल्यावरची केबिन हवी आहे, दारावर नाव हवंय, बड्या साहेबांच्या वॉशरूमची किल्ली हवी आहे.

वाइल्डरला ही कल्पना सुचली ती म्हणे डेव्हिड लीनचा ‘ब्रीफ एन्काउंटर’ (१९४५) पाहताना. त्यात दोन विवाहित माणसं प्रेमात पडतात आणि त्यातला डॉक्टर आपल्या मित्राच्या फ्लॅटवर तिला भेटायचं ठरवतो. जगभरच्या प्रेक्षकांनी त्या दोघांसाठी डोळे टिपले. वाइल्डरचं लक्ष गेलं मित्राकडे. घर वापरायला देणारा, मग रात्री परत येऊन दुसऱ्यांच्या उबेत गरम झालेल्या बिछान्यावर पाठ टेकणारा हा माणूस कोण? त्या काळच्या हॉलिवूडच्या सेन्सॉर-नियमांत असली गोष्ट बसणं शक्य नव्हतं. विषय बरीच वर्षं तसाच राहिला. नियम सैलावले तेव्हा आय. ए. एल. डायमंडला जोडीला घेऊन त्यानं तो लिहून काढला. वाइल्डर मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातला ज्यू, बर्लिनमध्ये पटकथा लिहायचा. १९३३ मध्ये हिटलर आला तसा तो तिथून निघाला. इंग्रजी नीट शिकला तो अमेरिकेत गेल्यावर. तरी अमेरिकन कचेरीतली बोली या माणसानं जी पकडली आहे, ती तिथे जन्मलेल्यांनाही क्वचितच साधली असेल.

बॅक्स्टरचं ऑफिस हा या सिनेमातला एक डोळ्यात भरणारा देखावा आहे. एक अफाट हॉल, वर ट्यूबलाइटच्या ओळी, खाली टेबलांच्या रांगा, त्या रांगा क्षितिजाला जाऊन मिळतात. खरं तर सेट एवढा मोठा नव्हताच. कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्रॉनरनं पुढची टेबलं नेहमीच्या मापाची ठेवली, मागची क्रमाक्रमानं लहान करत नेली, त्यांच्यामागे ठेंगण्या चणीची माणसं बसवली आणि अगदी शेवटी पुठ्ठ्याची माणसं उभी केली. मला ही युक्ती कळली तेव्हापासून तो हॉल आणखीनच खरा वाटायला लागला. मोठ्या कचेरीत लांबची माणसं तशीच दिसतात. ट्रॉनरला आणि एडवर्ड बॉइलला त्यासाठी ऑस्कर मिळालं. सिनेमाला एकूण पाच, त्यांतली तीन एका रात्रीत एकट्या वाइल्डरच्या हातात: निर्मिती, दिग्दर्शन, आणि डायमंडच्या जोडीनं लेखन.

आता फ्रॅन कुबेलिक. शर्ली मॅक्लेन, आखूड कापलेले केस, लिफ्टवालीचा गणवेश. तिला खरं तर सेक्रेटरी व्हायचं होतं. टायपिंग येतं, पण स्पेलिंगची बोंब, म्हणून रवानगी लिफ्टमध्ये. दिवसभर लोकांना वर नेते आणि स्वतः कुठल्याच मजल्यावर उतरत नाही. लिफ्टमध्ये साहेब मंडळी अंगचटीला येतात, त्यांना ती हसत हसत झटकते. ते हसणं माझ्या पिढीच्या बायकांना पाठ आहे. गर्दीत एकच माणूस लिफ्टमध्ये शिरताना डोक्यावरची हॅट काढतो, बॅक्स्टर. तिनं ते टिपलेलं असतं.

आणि बॅक्स्टरनं काय टिपलेलं असतं? तो तिला मोठ्या उत्साहानं सांगतो, की तुझी उंची, वजन, सोशल सिक्युरिटी नंबर मला माहीत आहे. तुला गालगुंड झालं होतं, गोवर आला होता, अपेंडिक्स काढलंय. कंपनीच्या सामूहिक विम्याच्या फायलीतून यानं तिचं कार्ड काढून वाचलेलं! ती म्हणते, अपेंडिक्सचं ऑफिसात कुणाला सांगू नकोस, तुला ते कसं कळलं याचा लोक भलताच अर्थ लावतील. प्रेक्षागृहात हशा. आज एखाद्यानं हे केलं तर एच.आर.वाले त्याला बोलावून घेतील, आणि बरोबरच करतील. मला हा संवाद आवडतो तो मात्र वेगळ्याच कारणासाठी. प्रेम करायलाही या माणसाकडे ऑफिसचीच हत्यारं आहेत. मनात कुणी भरलं तर तो कविता करत नाही, फाइल काढतो.

सिनेमाचा सगळा पीळ असा, की फ्रॅन ज्याच्यात गुंतली आहे तो शेल्ड्रेक हाच बॅक्स्टरचा सर्वांत मोठा साहेब. कर्मचारी विभागाचा प्रमुख. चावीचा कारभार त्याच्या कानावर जातो, तो बॅक्स्टरला बोलावतो, दम भरतो, आणि मग स्वतःसाठीच चावी मागतो. या भूमिकेसाठी ठरलेले पॉल डग्लस चित्रीकरणाच्या तोंडावर वारले आणि वाइल्डरनं फ्रेड मॅकमरीला गळ घातली. हाच मॅकमरी सोळा वर्षांपूर्वी वाइल्डरच्याच ‘डबल इन्डेम्निटी’त विम्याचा एजंट होता आणि एका बाईसाठी त्यानं खून केला होता. त्याच क्षेत्रात बढती झाली म्हणायची, आणि गुन्हे आता असे, की पोलिसांत तक्रारही होऊ शकत नाही. शेल्ड्रेक कधी आवाज चढवत नाही. गोड बोलतो, खांद्यावर हात ठेवतो. चावी मागताना समोर दोन नाटकाची तिकिटं सरकवतो, ‘द म्युझिक मॅन’ची. बॅक्स्टर फ्रॅनला त्या नाटकाला बोलावतो आणि थिएटरबाहेर ताटकळत राहतो. ती येत नाही. ती त्या वेळी शेल्ड्रेकबरोबर असते, आणि तिथून ती दोघं जातात ती बॅक्स्टरच्याच घरी. तिकिटं साहेबाची, घर याचं, मुलगी याच्या मनातली. सगळं देऊन-घेऊन झाल्यावर याच्या पदरात पडते बढती.

पुढे ख्रिसमसची ऑफिस पार्टी. दारू वाहतेय, टेबलांवर नाच चाललाय. बॅक्स्टरनं नवीन हॅट घेतली आहे, साहेबी थाटाची, आणि ती कशी दिसते हे त्याला फ्रॅनला विचारायचंय. तो आपल्या नव्या केबिनमध्ये हॅट तिरपी करून, सरळ करून दाखवतो. ती पर्समधून छोटा आरसा काढून त्याच्यापुढे धरते. आरसा तडकलेला. तो आरसा बॅक्स्टरनं आधी पाहिलाय. एका रात्रीनंतर आपल्या घरात सापडला म्हणून त्यानंच तो शेल्ड्रेकला नेऊन दिला होता. आता त्या तडकलेल्या काचेत स्वतःचा दुभंगलेला चेहरा, वर नवी हॅट. आरसा फुटलाय, एवढंच तो कसाबसा म्हणतो. ती म्हणते, मला असाच आवडतो, मला आतून जसं वाटतं तशीच मी त्यात दिसते. बस्स. कुणी काही उलगडून सांगत नाही. मागे पार्टीचा गोंगाट तसाच चालू. पटकथा शिकवणाऱ्यांनी हे दृश्य आजवर फार वेळा सोलून दाखवलंय, तरी ते झिजत नाही. लेमनच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे येतं ते मत्सर किंवा प्रेमभंग एवढंच असतं तर गोष्ट सोपी झाली असती. पण चावी दिली कुणी, हेही त्याला त्याच क्षणी उमगतं.

त्याच पार्टीत मिस ऑल्सन फ्रॅनला गाठते. शेल्ड्रेकची सेक्रेटरी. तिच्या तोंडून फ्रॅनला कळतं, की तिच्या आधी कोण कोण होत्या, आणि त्यांच्यात स्वतः ऑल्सनही होती. मला वाटतं या सिनेमातली सगळ्यात दुर्लक्षित बाई हीच. परीक्षणांत तिला अर्धं वाक्य मिळतं. बोलली म्हणून शेल्ड्रेक तिला कामावरून काढतो, तेव्हा ती सांगते, की तू मला चार वर्षांपूर्वीच काढलं होतंस, पण बाहेर बसवून एकेक नवी जाताना बघायला लावण्याइतका तू निर्दय होतास. मग शांतपणे फोन उचलून ती शेल्ड्रेकच्या बायकोला जेवायला भेटू या म्हणून विचारते. बॅक्स्टरला नाही म्हणायला जवळजवळ सगळा सिनेमा लागतो. ऑल्सन ते एका फोनमध्ये उरकते, आणि तिच्यासाठी पार्श्वसंगीतही वाजत नाही.

ख्रिसमसच्या आदल्या रात्री बॅक्स्टरच्या घरात शेल्ड्रेक फ्रॅनच्या हातावर भेट म्हणून शंभर डॉलरची नोट ठेवतो आणि बायकामुलांकडे जायला गाडी पकडतो. तिनं त्याच्यासाठी गाण्याची तबकडी आणलेली असते. तो गेल्यावर ती झोपेच्या गोळ्या घेते. घरी परतलेल्या बॅक्स्टरला ती पलंगावर बेशुद्ध सापडते. शेजारचा डॉक्टर ड्रायफस रात्रभर तिला कॉफी पाजून, चापट्या मारून, खोलीभर चालवून वाचवतो. विनोदी सिनेमा इथे इतक्या खोलात उतरतो, की पुन्हा वर येईल असं वाटत नाही. येतो, हे वाइल्डरचं कसब. डॉक्टरची समजूत अशी, की रोज रात्री नवी मुलगी आणणारा रंगेल गडी हाच. भिंतीपलीकडून त्यानं वर्षभर आवाज ऐकलेत, दाराबाहेर रिकाम्या बाटल्या पाहिल्यात. ‘मेल्यावर तुझं शरीर विद्यापीठाला देशील का?’ असं त्यानं आधी गमतीत विचारलेलं असतं. आता तो चिडून सांगतो, मोठा हो, माणूस हो. बॅक्स्टर गप्प ऐकून घेतो. शेल्ड्रेकचं नाव सांगत नाही. नंतर फ्रॅनचा टॅक्सीवाला मेहुणा येऊन ठोसा लगावतो, तोही घेतो. लोकांना हा त्याग वाटतो. मला वाटतं त्याला पहिल्यांदाच आपला वाटा किती ते कळलंय, आणि तो भरतोय.

त्या दोन दिवसांत तो तिच्याशी पत्ते खेळतो, टेनिसच्या रॅकेटमधून स्पॅगेटीचं पाणी निथळतो, काहीबाही गुणगुणतो. प्रेमाचं कुणी नावही काढत नाही. स्वयंपाकघरातल्या त्या अर्ध्या मिनिटात मात्र हे घर पहिल्यांदाच त्याचं स्वतःचं वाटतं.

अनुराग बसूनं २००७ मध्ये ‘लाइफ इन अ... मेट्रो’त हीच चावी मुंबईत आणली. शर्मन जोशी चावीवाला, के के मेनन साहेब, कंगना रणौत त्या दोघांच्या मधे. चावी मुंबईत अगदी चपखल बसली, यात नवल नाही. एकट्या पोराला दार लावून घेता येईल अशी खोली मिळणं इथे बढतीपेक्षा अवघड. पण बसूच्या सिनेमात आणखी चार कहाण्या होत्या, गाणी होती, पाऊस होता. चावीचा हिशेब त्या पावसात थोडा वाहून गेला.

वाइल्डर तो शेवटपर्यंत चोख ठेवतो. एकतीस डिसेंबर. बायकोनं हाकलल्यावर शेल्ड्रेकला पुन्हा फ्रॅन हवी आहे, म्हणून पुन्हा चावी हवी आहे. बॅक्स्टर टेबलावर चावी ठेवतो. शेल्ड्रेक बघतो तर ती बड्या साहेबांच्या वॉशरूमची. बॅक्स्टर आपली हॅट एका सफाई कामगाराच्या डोक्यावर ठेवतो आणि निघून जातो. हा प्रसंग टाळ्यांचा आहे, पण माझ्या लेखी खरा प्रसंग त्यानंतरचा. हॉटेलात शेल्ड्रेक फ्रॅनपुढे कुरकुरतोय. त्या बॅक्स्टरनं चावी द्यायला नकार दिला, म्हणे माझ्या घरी कुणालाही आणायचं नाही, आणि मिस कुबेलिकला तर नाहीच नाही. तक्रार सांगताना त्याला पत्ताही नाही, की आपण तिला प्रेमपत्र वाचून दाखवतोय. मॅक्लेनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटतं. बारा वाजतात, दिवे मालवतात, शेल्ड्रेक मान वळवून बघतो तर खुर्ची रिकामी. ऑफिसात जन्मलेलं प्रेम ऑफिसच्याच रीतीनं पोचलं, साहेबाच्या कुरकुरीतून.

ती रस्त्यावरून पळत सुटते तो शॉट जगप्रसिद्ध आहे. घराजवळ पोचते आणि आतून गोळी झाडल्यासारखा आवाज येतो. बॅक्स्टरनं पूर्वी एकदा प्रेमभंगात स्वतःच्याच गुडघ्यात गोळी मारून घेतल्याचा किस्सा तिला सांगितलेला असतो, त्यामुळे तिचा जीव वरखाली. दार उघडतं तर हातात फसफसणारी शॅम्पेनची बाटली. दोघं बसतात, पत्ते काढतात. तो सांगतो, माझं तुझ्यावर निस्सीम प्रेम आहे. ती म्हणते, गप्प बस आणि पत्ते वाट.

मला या शेवटात गोडव्यापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. बॅक्स्टर बेकार आहे. घर सोडायच्या तयारीत आहे, खोके भरलेले. शेल्ड्रेक सत्ताविसाव्या मजल्यावर जिथल्या तिथे. सोमवारी तो नवी सेक्रेटरी नेमेल. बाकीच्या चार साहेबांनी एव्हाना दुसरं कुणाचं तरी घर हेरलं असेल, ३१,२५९ माणसांत एखादा एकटा राहणारा होतकरू पोरगा मिळायला कितीसा वेळ लागतो! ८६१ नंबरच्या टेबलावर तर तो कदाचित केव्हाच येऊन बसलाय. वाइल्डर कंपनी सुधारत नाही, साहेबाला धडा शिकवत नाही. दोन माणसं त्यातून बाहेर पडली, एवढंच दाखवतो.

बघणार असाल तर फोनवर बघू नका. हा सिनेमा काळा-पांढरा असला तरी रुंद पडद्यासाठी चित्रित केलेला आहे. लहान पडद्यावर त्या हॉलमधली मागची टेबलं दिसतच नाहीत. आणि दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा थोडा वेळ बॅक्स्टरला सोडून मिस ऑल्सनवर नजर ठेवा. शेल्ड्रेकच्या केबिनबाहेर ती बसलेली असते, प्रत्येक फोन जोडून देत.